मुभेचा अर्ज

मला बघायला आलेल्या एका बाईंनी आमच्या घरी चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगितलं, "आमच्याकडं सुनांना पूर्ण मुभा असते. नोकरी करा, मीटिंगला जा, आमचं काही म्हणणं नाही."

मी विचारलं, "कोण देतं?"

"काय?"

"मुभा. कोण देतं ती? तुम्ही, का तुमचा मुलगा?"

त्या हसल्या. मग मी हसत नाहीये हे त्यांच्या लक्षात आलं. आईनं पोह्यांची बशी उगाच पुढं केली, बाबांनी मुलाला त्याच्या शिफ्टबद्दल विचारलं, आणि पुढच्या दहा मिनिटांत ती मंडळी गाडीत बसून निघूनही गेली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बाबा मात्र भाजी निवडता निवडता म्हणाले, "प्रश्न बरोबर होता. पण बाई बिचारी चांगलंच सांगत होती."

दोन्ही गोष्टी एकदम कशा खऱ्या असतील हे मला तेव्हा कळलं नाही. आता तर तेव्हापेक्षाही कमी कळतं. त्याला कारण माझी आत्या, तिच्या मेंढ्या आणि मी लिहिलेला एक अर्ज.

मी पत्रकांवर वाढले. आम्ही मुकुंदवाडीत राहतो, रेल्वे स्टेशनच्या अलीकडं. बाबा एका कारखान्यात होते आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर युनियनचे होते. घरात कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे, गुलाबी, पिवळे, पोपटी. उरलेली पत्रकं आई फडताळात डब्यांखाली अंथरायची, त्यामुळे साखरेचा डबा उचलला की खाली 'जाहीर निषेध' दिसायचा. बाराखडी यायच्या आधी मी मोठ्या टायपातला 'हक्क' ओळखायची. चौथीत 'माझी आई' या निबंधाचा शेवट मी 'वरील मागण्या तातडीने मान्य न झाल्यास' असा केला, तेव्हा बाईंनी आईला शाळेत बोलावून घेतलं होतं.

या पत्रकांत मुभा कधी आमच्या माणसाला नसायची. ती ठेकेदाराला असायची, लुटायची. मालकाला असायची, कामावरून काढायची. कामगाराला हक्क असायचा, मागणी असायची, फार तर सवलत. त्यामुळे मुभा हा शब्द ऐकला की माझ्या कपाळावर आठी यायची. कुणीतरी वर बसलंय, त्याचा मूड चांगला आहे, आणि तो हात जरा सैल सोडतोय, असं चित्र डोळ्यांपुढं यायचं.

दुसरी एक गोष्ट मी बाबांकडून घेतली. मी लहान असताना त्यांच्या कारखान्यात संप झाला होता. मॅनेजरनं फाटकावर येऊन सगळ्यांसमोर शब्द दिला की कंत्राटावरच्या पोरांना कायम करू. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि बाबांच्या सांगण्यावरून ते कामावर गेले. पुढच्या महिन्यात त्याच मॅनेजरनं विचारलं, "असं मी कधी म्हणालो?" बाबांकडं दाखवायला काही नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच नियम. तोंडी काही नाही. लेखी घ्या. दुधवाल्याशी दर ठरला तरी बाबा कॅलेंडरवर लिहून त्याची सही घेतात.

आत्या या नियमाच्या बाहेर राहिली. ती बाबांची थोरली बहीण, बिडकीनच्या अलीकडच्या एका गावात राहते. आमचं घराणं मेंढपाळांचं. आजोबा दिवाळी झाली की बिऱ्हाड घोडीवर लादून मेंढ्यांमागं निघायचे ते पावसाळ्याच्या तोंडालाच परतायचे. बाबा शहरात आले, आत्यानं मेंढ्या धरून ठेवल्या. चाळीसेक मेंढ्या आणि चार शेळ्या. पण तिचे गुडघे गेलेत, तिचे यजमान, आमचे मामा, वारले, मुलगा पुण्याला आहे. मेंढ्यांमागं गावोगाव फिरणं तिला आता जमत नाही. तरीही तिच्याकडं मेंढ्या होत्या, त्या एकाच कारणानं. घरापासून दहा मिनिटांवर तिला चराई होती.

ती चराई म्हणजे औद्योगिक वसाहतीसाठी गेलेल्या जमिनीतला एक प्लॉट. तिकडं रस्ते इतके रुंद झालेत की ओलांडताना मधेच दम लागतो. दिव्यांचे खांब आहेत, फलक आहेत, तारेची कुंपणं आहेत, आणि कुंपणांच्या आत बऱ्याच ठिकाणी अजून काहीच नाही. गवत आहे. त्या प्लॉटला एक वॉचमन होता. आत्या सकाळी अकराच्या सुमारास मेंढ्या घेऊन फाटकापाशी जायची. वॉचमन फाटकाची साखळी काढून ठेवायचा आणि कॅन घेऊन केबिनमागं पाणी भरायला जायचा. तो परत येईपर्यंत मेंढ्या आत गेलेल्या असायच्या. संध्याकाळी त्याला पुन्हा पाणी भरायचं असायचं. तेवढ्यात मेंढ्या बाहेर.

चार वर्षं हे असं चाललं. आत्या त्याच्या चहासाठी शेळीचं दूध न्यायची. मेंढ्यांनी गवत तासून ठेवलं की त्याला साप लांबूनच दिसायचा आणि उन्हाळ्यात गवत पेटायची भीती राहायची नाही. या चार वर्षांत त्यानं तिला कधी "आत या" म्हटलं नाही आणि तिनं कधी "येऊ का" विचारलं नाही.

गेल्या दिवाळीत मी आत्याकडं गेले होते. ती चुलीवर भाकरी थापत मला एक गंमत सांगत होती. वॉचमनचा नवा सुपरवायझर आला होता.

"टाय लावून आल्ता गं. मेंढ्या बघितल्या अन् म्हनला, ह्या कोनाच्या परमिशननं आत आल्या? वाचमन म्हनला, सायेब, देवाच्या. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, बुटाला लेंड्या लागल्या व्हत्या त्या पुसल्या, अन् गेला गाडीत बसून."

आत्या हसत होती. मला हसू आलं नाही.

"आत्या, त्यानं उद्या बंद केलं तर?"

"केलं तर केलं. अजून केलं का?"

"तुझ्याकडं काही कागद आहे?"

"कशाचा?"

"चरायचा."

"मेंढ्यायला वाचता येत नाय, बाई."

"चेष्टा नको. चार वर्षांची वहिवाट आहे तुझी. लेखी घेऊन टाकू. मग कुणी सुपरवायझर आला तरी कागद दाखवायचा."

आत्यानं भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला. "विचारायचं नसतंय गं असलं," ती म्हणाली. पण ती मला फार शिकलेली समजते. तिच्या भावाची पोर, एमए झालेली, पेपरात लिहिणारी. मी दोनदा म्हटल्यावर ती म्हणाली, "बघ मंग. तुला कळतंय."

मला कळतंय असं मलाही वाटत होतं.

आमच्या गल्लीत एक ऐंशी ओलांडलेले आजोबा राहतात. महसूल खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कचेरीचंच काम. वडील निजामाच्या काळात दफ्तरात उर्दू लिहायचे, आणि आजोबांची स्वतःची पहिली दोन वर्षंही उर्दू शाळेत गेलेली. गल्लीतल्या कुणालाही अर्ज करायचा असला की कागद आधी त्यांच्याकडं जातो. ते पैसे घेत नाहीत, फक्त चुका काढतात.

मी तीन पानांचा मसुदा घेऊन गेले. त्यांनी भिंग लावून पहिलं पान वाचलं.

"बेटा, हा अर्ज आहे का जाहीरनामा?"

"का?"

"साहेब वाचून घाबरेल. घाबरलेला साहेब काही देत नसतो."

त्यांनी तीन पानांचं एक पान केलं. भांडवलदार गेले, धोरण गेलं, 'भूमिपुत्र' तेवढा एके ठिकाणी राहिला. मग 'मेंढ्या चारण्यास परवानगी मिळावी' यातला शेवट खोडून त्यांनी 'चारण्याची मुभा असावी' असं लिहिलं.

मी भडकले. "मुभा नको, आजोबा. हा शब्द भीक मागतो."

"भीक?" त्यांनी चष्मा काढला. "कोणी सांगितलं?"

मग ते उठले, कपाटातून वडिलांचा जुना कोश काढला. पानं तपकिरी झालेली, पुठ्ठा दोऱ्यानं बांधलेला. मला उर्दू येत नाही, तरी त्यांनी त्या शब्दावर माझंच बोट ठेवलं.

"मुबाह. मूळ अरबी. मुसलमानी धर्मशास्त्रातला शब्द आहे. वडील मला टेबलाचे खण दाखवून शिकवायचे. असे पाच खण समज. वरच्या खणात काय, तर जे करायलाच पाहिजे ते. दुसऱ्यात, केलं तर बरं. सगळ्यात खाली, करायचंच नाही. त्याच्या वर, नाही केलं तर बरं. आणि हा मधला खण मुबाह. यातलं केलं म्हणून पुण्य नाही, नाही केलं म्हणून पाप नाही."

"मधल्यात असतं काय?"

"बाकीचं सगळं. पाणी पिणं. सावलीला बसणं. कुठल्या रस्त्यानं घरी जायचं ते. माणसाचा दिवस बहुतेक मधल्या खणातच जातो."

"आणि हे देतं कोण?"

"कोणी नाही. ते मोकळंच असतं. दिलं की ती परवानगी झाली. परवाना म्हणजे हुकूम, त्याला शिक्का लागतो, सही लागते."

"मग मराठीत आपण 'मुभा दिली' का म्हणतो?"

आजोबा हसले. "शेकडो वर्षं कचेऱ्यांतून फिरलाय तो शब्द. जिथं देणारा नाही असं कचेरीत काही असतं का?"

मी थक्क झाले होते. ज्या शब्दाला मी इतकी वर्षं शिवी समजत होते तो मुळात इतका ताठ होता. त्याच्या डोक्यावर कुणी बसलेलंच नव्हतं. त्या बघायला आलेल्या बाईंना मी विचारलेला प्रश्न बरोबर होता का चूक, हेही मला एकदम समजेनासं झालं. मला तो शब्द आवडला. मी म्हटलं, ठेवा, मुभाच ठेवा.

आणि कुणी न देता असलेली ती गोष्ट आम्हाला द्यावी अशी विनंती करणारा कागद आम्ही दोघांनी मिळून स्वच्छ अक्षरात पक्का केला. मी, जिला नुकताच अर्थ समजला होता, आणि ते, ज्यांनी तो समजावला होता. दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

एक वाक्य मात्र आजोबांनी दोनदा वाचलं. वहिवाट सिद्ध व्हावी म्हणून मी लिहिलं होतं, 'गेली चार वर्षे, तेथील सुरक्षारक्षकाच्या सहकार्याने, सदर भूखंडावर मेंढ्या विनातक्रार चरत आहेत.'

"हे हवंच का?"

"पुरावा आहे तो, आजोबा."

"हां," ते म्हणाले. "पुरावा तर आहे."

आत्याची सही घ्यायला गेले तेव्हा तिनं विचारलं, "कागुद गेला म्हंजे ते लोक हितं येऊन बघतील का?"

"येतील ना. पाहणी करतील, मग लेखी देतील."

"हितं येऊन बघतील," ती पुन्हा म्हणाली. मला वाटलं तिला बरं वाटलं. तिनं पेन घट्ट धरून सही केली, शाळेतल्या मुलीसारखी, प्रत्येक अक्षर वेगळं.

मी औद्योगिक वसाहतीच्या कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली. माहितीसाठी प्रती चार ठिकाणी पाठवल्या, कारण पत्रकांनी मला शिकवलं होतं की प्रत जितक्या टेबलांवर जाईल तितकं बरं. गोल शिक्क्याचा फोटो बाबांना पाठवला. त्यांनी उत्तरादाखल वळलेल्या मुठीचं चित्र पाठवलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. 'आपल्या अर्जास अनुसरून कळविण्यात येते की, सदर भूखंडावर जनावरे चारण्यास परवानगी देता येत नाही. यापूर्वी अशी कोणतीही मुभा देण्यात आलेली नाही.'

मी तावातावानं त्या कार्यालयात गेले. टेबलापलीकडचा माणूस माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठा असेल. त्याचा डबा उघडा होता आणि त्यात मेथीची भाजी होती. मी बोलत होते तोवर त्यानं घास घेतला नाही.

"मॅडम, एक सांगू का?" तो म्हणाला. "तिथं मेंढ्या चरतात हे मला माहीत होतं. माझ्या येण्याजाण्याच्या रस्त्यावरच आहे ते. पण तुम्ही लिहून दिलं. टेबलावर कागद आला म्हणजे मला उत्तर लिहावंच लागतं. आणि 'हो' लिहायचा अधिकार मला नाही. 'नाही' लिहायचा आहे."

"म्हणजे मी अर्ज केला नसता तर—"

"मी कुठं काय म्हणालो?" त्यानं डबा पुढं ओढला. "जेवता का?"

मला राग धरायला माणूस हवा होता. तो मेथीची भाजी पुढं करत होता.

पाहणी झालीच. लोक आले, त्यांनी फोटो काढले. कुंपणाला नवी तार आली, साखळीला कुलूप लागलं, फलक बसला. वॉचमनला वाळूजकडच्या एका गेटवर पाठवलं, घरापासून दोन बस लांब. त्यानं आत्याकडून माझा नंबर घेऊन फोन केला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"ताई, नाव तरी नसतं टाकलं."

"नाव नाही टाकलं, दादा. फक्त सुरक्षारक्षक लिहिलं होतं."

"त्या गेटवर मी एकलाच व्हतो ना, ताई," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी पैठणच्या एसटीत बसून मी आत्याकडं गेले. वाटेत माफी मागायची वाक्यं तयार केली, ती सगळी पत्रकासारखी होत होती. आत्या ओट्यावर बसली होती, मेंढ्या कुडाच्या आत एकमेकींना घासत उभ्या होत्या. बाहेर जायच्या वेळेला त्या आत होत्या, म्हणून सतत ओरडत होत्या.

"आल्या का वकीलीनबाई," आत्या म्हणाली. "बसा. तुमच्या कागदानं मपल्या मेंढ्याचं गवत खाल्लं. प्वाट भरलं का त्याचं?"

मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडू नको, आवाज आयकून मेंढ्यायला वाटंल कुनी चारा आनला." आणि स्वतःच हसली. मग सरळ सांगितलं. शेळ्यांना पाला आणून घालता येतो, मेंढीला रान लागतं. ते आता तिच्या पायांच्या पल्ल्यात नाही. पुढच्या बुधवारी व्यापारी येणार होता, सगळी खांड घेऊन जायला. चाळीसच्या चाळीस मेंढ्या.

"मंग म्या सकाळी उठून काय करू, तेवढं लिहून दे एखांद्या कागदावर," ती म्हणाली. यावेळी ती हसली नाही.

मी घरी आले. बाबा म्हणाले, पत्रक काढू. गप्प बसायचं नाही. त्यांनी वही काढली, वर तारीख घातली, 'आमच्या मागण्या' असं लिहून खाली रेघ मारली. मी सांगायचं आणि त्यांनी लिहायचं.

"एक," बाबा म्हणाले.

मी विचार करत राहिले. चराईचा हक्क मिळावा? हक्क तर नव्हताच. जमीन रीतसर गेलेली, पैसे घेऊन झालेले. परवानगी मिळावी? ती मागूनच तर हे झालं होतं. पूर्वीसारखं चालू द्यावं? चालू द्यावं म्हटलं की कुणीतरी देणारा आला.

"पूर्वी ज्याकडं कुणी बघत नव्हतं त्याकडं पुन्हा कुणी बघू नये," मी म्हटलं.

"हे मागणीत बसत नाही."

"मला माहीत आहे."

बाबांनी पेन ठेवलं. ते चिडले होते, पण कुणावर ते त्यांनाही कळत नसावं. "तोंडी मामल्यानं आमच्या पोरांचं काय झालं ते विसरलीस का? सतरा जणं घरी बसली. माझ्या शब्दावर कामावर गेलेली. लेखी घ्यायचं म्हणजे घ्यायचं."

"आत्याच्या बाबतीत तर तोंडीसुद्धा नव्हतं, बाबा."

"मग ते नव्हतंच," ते म्हणाले. मग वही मिटता मिटता म्हणाले, "पण चार वर्षं तर चाललं."

मी आजोबांकडंही गेले. उत्तराचा कागद त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी भिंगाशिवायच वाचला.

"चाळीस वर्षं आवक रजिस्टर लिहिलं मी," ते म्हणाले. "नोंद झाली की ती चीज मधल्या खणात राहत नाही. मला कळायला पाहिजे होतं, बेटा."

"मग बरोबर काय होतं, आजोबा?"

त्यांनी बराच वेळ कागद उलटसुलट केला. "अर्ज बरोबर होता," ते शेवटी म्हणाले. "तेवढं मी सांगू शकतो."

मंगळवारी मी रजा टाकून पुन्हा आत्याकडं गेले. दुसऱ्या दिवशी व्यापारी येणार होता. मला वाटलं होतं तिला सोबत म्हणून घरात बसावं लागेल. तर ती काठी घेऊन तयार उभी.

"चल. लांब हाय, मला एकलीला व्हायचं नाय. एक दिस तरी त्याह्यला रान दावू."

गावाच्या दुसऱ्या अंगाला, रुंद रस्त्यांच्या पलीकडं, कापूस वेचून झालेलं एक शेत होतं. पऱ्हाट्या अजून उभ्या होत्या, खाली पाला आणि गवत. आत्याला तिथवर पोचायला पाऊण तास लागला, मधे तीनदा ती माझा खांदा धरून थांबली. शेत कुणा शहरातल्या माणसानं हल्लीच विकत घेतलेलं. तो माणूस नेमका तिथंच होता, विहिरीजवळच्या लिंबाखाली खुर्ची टाकून फोनवर बोलत होता. आत्याची त्याची ओळख नव्हती.

मी चप्पल सावरली. "थांब, मी जाऊन विचारते."

आत्यानं माझं मनगट धरलं. तिच्या बोटांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. "हितंच उभी ऱ्हा. बांधावर. त्याला दिसलं पायजे असं."

"आणि?"

"अन् काय नाय. उभं ऱ्हायचं. मेंढ्या धरून ठेवायच्या. त्यानं बघितलं पायजे. बघून आला तर राम राम घालून वळायचं, भांडायचं नाय. बघून त्वांड फिरवलं तर उतरायचं."

"आणि बघितलंच नाही तर?"

"तर उभं ऱ्हायचं."

आम्ही उभ्या राहिलो. ऊन चढत होतं. मेंढ्या पाल्याच्या वासानं पुढं सरायच्या, आत्या जिभेनं टकटक आवाज करून त्यांना मागं घ्यायची. माझ्या पायाला मुंग्या आल्या. माझ्या आत सगळी पत्रकं एकदम ओरडत होती. हे उभं राहणं म्हणजे लाचारी होती का? मालक त्याची मर्जी होईपर्यंत आपल्याला उन्हात उभं करतोय, असंच मी लिहिलं असतं. पण आत्याच्या चेहऱ्यावर लाचारी नव्हती. ती एसटीची वाट बघावी तशी उभी होती. आणि तो माणूस आम्हाला उभं करत नव्हता. त्याला आमचा पत्ताच नव्हता, किंवा असला तरी तसं दिसत नव्हतं.

तास झाला असेल. मग त्यानं मान वर केली. सरळ आमच्याकडं बघितलं. चाळीस मेंढ्या, एक म्हातारी, एक जीन्समधली पोरगी. फोन कानालाच होता. हात वर करून नमस्कार करावा असं इतकं वाटलं की मी दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतले.

तो उठला, खुर्ची फिरवली, आमच्याकडं पाठ करून बसला आणि बोलत राहिला.

आत्यानं काठी खाली केली. मेंढ्या बांधावरून पाण्यासारख्या उतरल्या.

"त्यानं हो म्हटलं का?" मी कुजबुजत विचारलं.

"कोन जानं."

"ऊन आलं असेल त्याच्या तोंडावर. म्हणून खुर्ची फिरवली असेल."

"आसंल," आत्या म्हणाली. ती बांधावर पाय पसरून बसली, गुडघे चोळायला लागली. "फोन लाव."

"कुणाला?"

"व्यापाऱ्याला. म्हनाव, उद्या येऊ नको."

"पण आत्या, उद्या हा माणूस इथं असेल का? परवा? पऱ्हाट्या उपटल्यावर काय? आणि रोज इतकं चालणार आहेस का तू?"

"लाव म्हनलं ना."

मी नंबर लावला. व्यापारी बाजारात असावा, मागं गलका होता. आत्याचा निरोप सांगितला. तो म्हणाला, "टेम्पो ठरवून ठेवला ओ मी. नाय म्हंजे पक्कं नाय का? का पुढच्या आठवड्यात परत फोन करसान?"

मी आत्याकडं बघितलं. तिचं लक्ष मेंढ्यांकडं होतं. लिंबाखालची पाठ अजून तशीच होती, तिच्यावरून मला काहीही वाचता येत नव्हतं.

"पक्कं नाही," मी म्हणाले. "पण उद्या नका येऊ."